ऑटिझम असलेल्या मुलांना मागायला कसं शिकवायचं: नाशिकच्या पालकांकडून सारखे येणारे प्रश्न

मी एका १२ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची आई आहे आणि गेली काही वर्षं स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करतीये. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, ओझर, निफाड अशा सगळ्या बाजूंनी पालक मेसेज करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. आधी एखादा प्रश्न वाचून बघा, त्यातच दुसऱ्याचा नंबर दिलेला असेल तर तिकडे जा. मूल मुलगा धरून लिहिलंय कारण प्रश्न तसेच आले, पण मुलींना सगळं तसंच लागू आहे.

१. मागणं शिकवा म्हणजे नक्की काय? त्याला शब्द तर येतात की.

शब्द येणं वेगळं आणि मागता येणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी फ्लॅशकार्ड दाखवून दाखवून त्याच्याकडून फळं, भाज्या, भांडी सगळं पाठ करून घेतलं होतं, कार्ड समोर धरलं की पाणी, कप, चमचा पटापट बोलायचा. मे महिन्यात आम्ही सिन्नरहून येत होतो आणि गाडीत तो रडायला लागला, चपला फेकल्या, स्वतःचा हात चावला, मी बिस्किट दिलं, गाणं लावलं, खेळणं दिलं, मोहदरी घाटात गाडी बाजूला घेतली तरी थांबेना. मग मिस्टरांनी स्वतःला प्यायला बाटली उघडली आणि त्याने ती ओढून घेऊन अर्धी एका दमात संपवली. पाणी हा शब्द त्याला येत होता, पण तहान लागली की तो शब्द घेऊन आईकडे जायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, मीही नाही.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली बोलण्याचे असे वेगवेगळे प्रकार पाडले. वस्तू बघून नाव सांगणं हा एक, ऐकलेलं परत म्हणणं हा दुसरा, आणि हवंसं वाटलं म्हणून मागणं हा तिसरा, ज्याला त्याने मॅन्ड म्हटलं. थेरपीच्या सेंटरवर मॅडम 'मॅन्ड घेतोय' म्हणतात ते हेच. यात बोलणाऱ्याला स्वतःला फायदा होतो, पाणी म्हटलं की पाणी मिळतं, म्हणून जे मूल दुसरं काही करायला तयार नसतं त्याच्याशीसुद्धा इथून सुरुवात करता येते. आणि एक प्रकार आला म्हणजे दुसरा आपोआप येतो असं या मुलांच्या बाबतीत धरून चालू नका.

२. तो माझा हात धरून फ्रिजकडे नेतो. हे मागणं नाही का?

आहे, शंभर टक्के आहे. त्याला काय हवंय ते माहितीये आणि ते माणसाकडून मिळतं हेही माहितीये. काही मुलं आपला हात उचलून थेट बरणीच्या झाकणावर नेऊन ठेवतात, त्याबद्दल रागावू नका, हात झटकू नका. फक्त या पद्धतीत अडचण अशी की आपण त्याच्या अगदी जवळ असलो तरच चालते, आणि फ्रिज उघडल्यावर दूध की चटणी की आइस्क्रीम हे आपल्यालाच ओळखावं लागतं. म्हणून त्याच क्षणी, तो हात धरून उभा असताना, पुढची पायरी जोडायची, कशी ते प्रश्न ६ मध्ये.

३. अजून डायग्नोसिस पक्कं नाही, डॉक्टर सहा महिने बघू म्हणालेत. तोपर्यंत थांबू का?

थांबू नका. मागायला शिकवल्याने कुठल्याही मुलाचं नुकसान होत नाही, ऑटिझम निघो वा न निघो. कानाची तपासणी मात्र आधी करून घ्या, बेरा नावाची ऐकण्याची टेस्ट सांगितली असेल तर तीच, कारण ऐकू कमी येत असेल तर सगळा प्लॅनच बदलतो. खर्चाचं टेन्शन असेल तर सिव्हिलमध्ये जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं येतात. अंगणवाडीतूनही तिकडे पाठवतात.

४. पहिला शब्द कोणता घ्यायचा? आम्ही 'दे' आणि 'पाहिजे' शिकवतोय.

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. 'दे', 'पाहिजे', 'अजून', 'प्लीज' हे शब्द सुरुवातीला घेऊ नका. ते सोपे वाटतात, सगळीकडे चालतात, आणि म्हणूनच गोंधळ होतो, मूल दिवसभर 'दे दे दे' करत फिरतं आणि काय देऊ हे परत आपल्यालाच शोधावं लागतं, मग तो चिडतो आणि आपण म्हणतो की बोलतो तरी चिडतो. वस्तूचं किंवा कामाचं नेमकं नाव घ्या.

नाव निवडताना त्याच्या आवडीचं घ्या, तुमच्या सोयीचं नाही. 'शू' शिकवा अशी सगळ्यांची मागणी असते, मला कळतं, प्रवासात किती हाल होतात ते, पण शू हे मुलासाठी बक्षीस नाहीये, खेळ सोडून बाथरूममध्ये जाणं आहे. ते नंतर घ्या. आधी अशा गोष्टी घ्या ज्या थोड्या थोड्या देता येतात आणि पटकन संपतात, म्हणजे दिवसात २०-३० वेळा मागायची संधी मिळते: कुरमुरे, द्राक्षं, शेवेची एकेक काडी, साबणाचे फुगे, झोका, गुदगुल्या, गाण्याची एक ओळ. अख्खा लाडू हातात दिला की पुढची दहा मिनिटं मागायचं काही कारणच उरत नाही.

तीन ते पाच शब्द एकदम घ्या, एकच नको, कारण एकच असला तर ते मूल सगळ्यालाच तेच म्हणतं. आणि ते एकमेकांपासून लांबचे असू देत. 'पाणी' आणि 'पोळी' एकाच वेळी घेतले तर नुसता 'प' आला की काय समजायचं? 'पाणी', 'झोका', 'फुगा' चालतील. बोबडे शब्दही चालतात, 'मम', 'भूर', घरात जे सगळे वापरतात ते. 'भूर' हा तर मला फार आवडतो, बोलायला सोपा आणि त्यामागे अख्खं बाहेर जाणं आहे.

५. त्याला कशातच इंटरेस्ट नाही. खेळणी कपाटभर आहेत, बघतही नाही.

खेळण्यांकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. दोन दिवस वही घेऊन बसा आणि मोकळा सोडल्यावर तो काय करतो ते फक्त लिहा. एका आईने लिहून आणलं होतं: मिक्सरच्या भांड्याचं झाकण फिरवतो, पंख्याखाली आडवा होऊन बघतो, धान्याच्या डब्यात हात घालतो. ती म्हणाली ताई यात आवडीचं काहीच नाहीये. अहो, तीन निघाले की. झाकण फिरवून देणं, पंखा लावणं, तांदूळ हातावर ओतणं, तिन्ही गोष्टी माणसाकडून मागता येतात. ज्याला आपण 'नाद' म्हणतो आणि सोडवायच्या मागे लागतो तोच बऱ्याचदा पहिला शब्द देतो.

आणि वेळ बघा. जेवणानंतर खाऊ मागायला शिकवणं म्हणजे भरल्या पोटावर जेवायला वाढणं. दिवसभर मोबाईल हातात असेल तर मोबाईलही मागणार नाही आणि दुसरं काही तर नाहीच.

६. मग घरी नेमकं करायचं कसं?

एका चार वर्षांच्या मुलीचं सांगते, म्हणजे डोळ्यासमोर येईल. तिला कुरमुरे प्रचंड आवडायचे. संध्याकाळी पाचची वेळ, दुपारचं जेवण जिरलेलं, कुरमुरे पारदर्शक बरणीत, झाकण घट्ट, बरणी माझ्या मांडीवर. ती आली, बरणी ओढली, झाकण फिरवून बघितलं, उघडेना. मग तिने माझा हात झाकणावर ठेवला. मी काही विचारलं नाही, 'काय पाहिजे, सांग, बोल' यातलं काही नाही, फक्त चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला आणि वाट बघत मनात पाचपर्यंत मोजलं. काही नाही. मग मी म्हटलं 'कुरमुरे', आणि लगेच चार दाणे तिच्या हातावर. परत तसंच. पाचसहा वेळा मीच बोलत होते आणि देत होते. सातव्या वेळी मी थांबले तेव्हा तिचे ओठ गोल झाले आणि 'कु' एवढंच आलं, जेमतेम ऐकू येईल असं. त्या 'कु'ला मी अख्खी मूठ दिली.

एवढंच आहे ते. हवंसं वाटलं पाहिजे, मग थांबायचं, मग गरज पडली तर शब्द आपण द्यायचा, आणि त्याच्याकडून जे काही येईल त्याला त्याच सेकंदाला वस्तू द्यायची. 'शाब्बास, परत एकदा नीट बोल' हे नको, तिला कुरमुरे हवे होते, शाब्बासकी नको होती. नंतरच्या दिवसांत आपली मदत हळूहळू कमी करायची: आधी अख्खा शब्द, मग पहिलं अक्षर, मग फक्त ओठ हलवणं, मग नुसतं थांबणं.

थांबणं हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला शांतता सहन होत नाही. १९७९ साली अमेरिकेत एका संस्थेत राहणाऱ्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला, जेवणाचं ताट लगेच न देता १५ सेकंद धरून थांबायचं, काहींना आधी शब्द बोलून दाखवावा लागला, पण मुलं मागायला लागली. आपण घरात १५ सेकंद कधी थांबतो का? मी घड्याळ लावून बघितलं होतं, मी दोन सेकंदांत बोलून मोकळी व्हायचे.

आणि वेगळा 'थेरपीचा तास' काढू नका. आंघोळीला एक तांब्या ओतून थांबा, झोक्याला एक धक्का देऊन थांबा, बूट एकच घालून थांबा.

७. 'बोल मग देते' असं म्हणून अडवून ठेवायचं का? सेंटरवर असंच करतात.

मी याच्या विरोधात आहे आणि स्पष्ट सांगते. थांबणं वेगळं आणि अडवणं वेगळं. पाच-दहा सेकंद थांबलात, एक-दोनदा मदत केलीत, तरी काही आलं नाही तर तो नजरेने किंवा हाताने जे सांगतोय तेच मागणं समजा आणि द्या. मूल रडायला लागलं की शिकणं तिथेच संपलेलं असतं. पाणी, जेवण, औषध, शू, झोप आणि आईच्या कुशीत येणं या गोष्टी कधीच रोखायच्या नाहीत, मग सांगणारा कितीही मोठा तज्ज्ञ असो. एका ठिकाणी माझ्या मुलाला एका चिप्ससाठी २० मिनिटं रडवलं होतं, 'आय वॉन्ट चिप्स प्लीज' पूर्ण बोलेपर्यंत. त्यानंतर कितीतरी दिवस तो चिप्सचं पाकीट बघितलं की कानावर हात ठेवायचा. तुम्हाला सेशन बघू देत नसतील तर विचारा का देत नाहीत.

'माझ्या डोळ्यात बघ मग देते' हे पण बंद करा. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना डोळ्यात बघणं त्रासाचं असतं. तो तुमच्याकडे आला, वळला, तुम्हाला हात लावला, लक्ष वेधायला एवढं पुरतं.

८. तो अजिबात बोलत नाही. चित्र, खुणा की ॲप, काय घ्यायचं?

त्याला आत्ता जे पटकन जमेल ते. तिन्हींचे फायदे-तोटे वेगळे आहेत.

खुणांना काही सामान लागत नाही, स्विमिंग टँकमध्येसुद्धा चालतात, पण हाताच्या हालचालींची नक्कल जमायला हवी आणि समोरच्याला खूण कळायला हवी. तुमच्या घराला कळेल, भाजीवाल्याला कळेलच असं नाही.

चित्रांत सगळ्यात पद्धतशीर म्हणजे पेक्स, चित्र देऊन वस्तू मागायची पद्धत, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सुरू केलेली. यात मूल चित्रावर बोट ठेवत नाही, चित्र उचलून माणसाच्या हातात देतं, आणि फरक तिथेच आहे, कारण बोट तर भिंतीवरच्या चित्रावरही ठेवता येतं, कुणी बघत नसलं तरी. सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात, एक समोर वस्तू घेऊन, दुसरं मुलाच्या मागे, जो न बोलता त्याचा हात चित्राकडे आणि मग समोरच्याच्या हाताकडे नेतो. घरी लोक हे एकटेच करतात, एका हाताने चिक्की दाखवायची आणि दुसऱ्या हाताने मुलाचा हात धरायचा, मग मूल आपल्या मदतीची वाट बघत बसतं, स्वतःहून सुरुवात करतच नाही. मागे आजोबांना बसवा, त्यांना काही बोलायचं नाही एवढंच सांगा, हेच त्यांना सगळ्यात जड जातं. दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढवायचं, तुम्ही किचनमध्ये आणि चित्रांची वही हॉलमध्ये. तिसऱ्यात चित्रांतून निवड, चौथ्यात वाक्य, पाचव्यात 'काय पाहिजे?' याचं उत्तर, सहाव्यात दिसलेलं-ऐकलेलं सांगणं. म्हणजे 'काय पाहिजे' हा प्रश्न पार पाचव्या टप्प्यावर येतो आणि आपण पहिल्या दिवसापासून तोच विचारत असतो.

चित्रं नेटवरची छापू नका, तुमच्या घरातल्या स्टीलच्या ग्लासाचा फोटो काढा, कॉलेज रोडवर कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून मिळतं, मागे वेल्क्रो लावा.

ॲपमध्ये आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं आवाज हे पण बरेच पालक वापरतात. ॲपचा मोठा फायदा म्हणजे आवाज येतो, पाठमोऱ्या माणसालाही कळतं. पण बोलायचा टॅब आणि यूट्यूबचा टॅब एकच ठेवू नका आणि शिक्षा म्हणून तो कधीच काढून घेऊ नका, ते त्याचं तोंड आहे.

९. सासूबाई म्हणतात चित्रं दिली की तो आळशी होईल, बोलणारच नाही.

ही भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटली होती. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीचे अभ्यास गोळा करून तपासले, त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रं-खुणा-यंत्रांमुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं, कमी-जास्त प्रमाणात. सासूबाईंना आकडे सांगून पटणार नाही कदाचित, त्यांच्याच हातात चिक्कीचा डबा द्या आणि नातवाने चित्र आणून त्यांच्या हातात ठेवू दे. माझ्या ओळखीच्या एका आजींनी त्यानंतर स्वतः वहीत चित्रं चिकटवली.

१०. पाणी हवं असलं की तो 'तुला पाणी पाहिजे का?' असं म्हणतो. उलटं का बोलतो?

कारण पाणी मिळण्याच्या आधी त्याने दरवेळी हेच वाक्य ऐकलंय. त्याच्या दृष्टीने हे पाणी मिळवायचं वाक्य आहे, आणि ते त्याने बरोबर वेळी वापरलंय. 'असं नाही म्हणायचं' म्हणू नका, पाणी द्या आणि देताना त्याच्या बाजूने वाक्य म्हणा, 'मला पाणी पाहिजे'. आपणही प्रश्न विचारणं कमी करायचं, कारण आपण जे म्हणू तेच तो उचलणार आहे.

मराठीत अजून दोन भानगडी आहेत ज्या इंग्लिश मटेरियलमध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात. एक म्हणजे 'हवा-हवी-हवं'. चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं, दरवेळी बदलतं, त्यापेक्षा 'पाहिजे' घ्या, ते या तिन्हींना तसंच राहतं. दुसरं, मुलगे आईकडून शिकतात आणि 'मी जाते', 'मी खेळते' म्हणायला लागतात, मग शाळेत पोरं हसतात. 'मला जायचंय', 'मला खेळायचंय' ही रूपं मुलगा-मुलगी दोघांना चालतात, तीच शिकवा. पण वाक्याची घाई नको, निदान ४०-५० गोष्टी एकेका शब्दाने सहज मागता आल्या की मगच. आणि 'मला' म्हणजे काय हे वेगळं शिकवत बसू नका, 'मला पाणी पाहिजे' हा एक अख्खा तुकडा म्हणून येऊ दे, आतली मोडतोड पुढे होते.

११. शाळा इंग्लिश मीडियम, घरी मराठी, बायकोचं माहेर अहिराणी. कुठली भाषा?

ज्या भाषेत तुम्ही त्याला जवळ घेता ती. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलं मागे पडतात असं आढळलेलं नाही. घरातल्या वस्तू मराठीत, शाळेतल्या दोन-चार गोष्टी इंग्लिशमध्ये, 'वॉटर', 'टॉयलेट', 'हेल्प', एवढं टीचरला कळेल असं. आजी अहिराणीत बोलत असेल तर बोलू दे, तिला गप्प बसवून मुलाशी बोलणारं एक माणूस कमी करू नका.

१२. आता मागायला लागला तर थांबतच नाही. दिवसभर चॉकलेट चॉकलेट. दरवेळी द्यायचं का?

पहिले काही आठवडे, हो, शक्य तितक्या वेळा. आत्ताच त्याला कळलंय की शब्दाने काम होतं, तो विश्वास बसू दे. म्हणूनच प्रश्न ४ मध्ये थोडं थोडं द्या म्हटलं, चॉकलेटचा तुकडा शेंगदाण्याएवढा असेल तर २० वेळा देऊनही फार होत नाही. जे द्यायचंच नाहीये ते डोळ्यासमोर ठेवू नका.

नंतर 'नाही' शिकवावंच लागतं आणि ते पण पायऱ्यांनी. आधी 'थांब', अगदी तीन सेकंदांचं, हातात थांबण्याचं कार्ड, आणि मग नक्की देणं. मग 'आधी दूध, मग चॉकलेट'. मग 'संपलं', रिकामा डबा उघडून दाखवायचा. गेल्या ऑगस्टमध्ये एकांचा फोन आला, मुलगा सकाळपासून द्राक्षं मागतोय, आणि द्राक्षं तर आपल्याकडे साधारण जानेवारी ते एप्रिल. त्यांनी फ्रिजवर कॅलेंडर लावलं, द्राक्षाचं चित्र जानेवारीच्या पानावर चिकटवलं, आणि त्याने चित्र आणून दिलं की ते घेऊन कॅलेंडरकडे जायचं आणि तिथेच बाकीच्या तीन फळांतून एक निवडायला द्यायचं. आठवडाभर रडला, मग स्वतःच कॅलेंडर दाखवायला लागला. एक लक्षात ठेवा, नकाराला पर्याय जोडा पण मागण्याचं साधन काढून घेऊ नका, द्राक्षाचं चित्र वहीतून लपवणं म्हणजे त्याचा शब्द पुसणं.

१३. तो मारतो, चावतो, डोकं आपटतो. आधी हे थांबवू की मागणं शिकवू?

मागणं शिकवूनच हे कमी होतं. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी शाळेतल्या मुलांबरोबर दाखवलं की काही मुलं लक्ष मिळावं म्हणून त्रास देत होती आणि काही काम अवघड होतं म्हणून, आणि ज्याला जे हवं होतं ते मागायचं वाक्य शिकवल्यावर त्रास कमी झाला. चुकीचं वाक्य शिकवलं तर फरक पडत नव्हता. म्हणजे काम अवघड आहे म्हणून टेबल उलटणाऱ्या मुलाला 'छान केलं ना?' विचारायला शिकवून उपयोग नाही, त्याला 'मदत' पाहिजे.

म्हणून आधी तो मारण्याच्या अगदी आधी काय झालं आणि मारल्यावर त्याला काय मिळालं हे आठवडाभर लिहा. बऱ्याच घरांत उत्तर निघतं, नको असलेलं थांबलं. मग त्याला 'नको', 'बस', 'ब्रेक' शिकवा. 'नको' हे पण मागणंच आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण ज्या मुलाला नको म्हणता येत नाही त्याच्याबरोबर कुणीही काहीही करू शकतं. शिकवताना छोट्या गोष्टीवर शिकवा, न आवडणारी भाजी पुढे केली, त्याने हाताने ढकलायच्या आधी आपण 'नको' म्हणायचं आणि लगेच ताट मागे घ्यायचं. सुरुवातीला प्रत्येक नको पाळावा लागतो. औषध, इंजेक्शन, रस्ता ओलांडताना हात धरणं, इथे नको चालणार नाही, तर अशा गोष्टींवर तो शब्द शिकवायलाच घेऊ नका.

गर्दीसाठी 'बाहेर' किंवा 'घरी' हा शब्द तयार ठेवा. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदावर, घेऊन गेलात, ढोल सुरू झाला आणि त्याने कार्ड काढून 'घरी' दाखवलं तर तिथून निघा, तेव्हाच्या तेव्हा, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू देत. मात्र रडणं पूर्ण भरात असताना काही शिकवायला जाऊ नका, तेव्हा फक्त सांभाळायचं. मार लागण्याइतकं डोकं आपटत असेल तर डॉक्टर आणि बिहेविअर थेरपिस्ट दोघांना दाखवा.

१४. सेंटरवर मॅडमकडे सगळं मागतो, घरी एक शब्द नाही.

कारण घरी गरज पडत नाही. पाण्याचा ग्लास तहान लागायच्या आधी येतो, आजी शर्टाच्या खिशात गोळ्या ठेवते, ताई रिमोट हातात देते. प्रेमाने करतात सगळे, मी पण करायचे. घरात एक मीटिंग घ्या आणि फक्त तीन गोष्टी ठरवा ज्या त्याने मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून द्यायच्या नाहीत, बाकी सगळं आहे तसं चालू दे. त्या तीन वस्तू दिसतील पण हाताला येणार नाहीत अशा ठेवा.

मग माणसं आणि जागा बदला. आमच्याकडे गंगापूर रोडवरचा कणीसवाला होता, मी त्याला आधी जाऊन सांगितलं की दादा, हा कार्ड देईल, तुम्ही फक्त कणीस द्यायचं, मी मागे उभी राहीन, मला विचारू नका. पहिल्या दिवशी त्याने कार्ड माझ्याकडेच दिलं. चौथ्या दिवशी कणीसवाल्याच्या हातात दिलं, त्याने ते नीट वाचलं, लिंबू-मीठ लावून कणीस दिलं आणि कार्ड पुसून परत केलं. सिटीलिंक बसच्या कंडक्टरकडे तिकीट मागणं आम्हाला त्यानंतर दीड वर्षाने जमलं.

१५. आधी मागायचा, महिनाभरापासून बंद झालंय.

आधी शरीर बघा: दात, कान, पोट, झोप, नवीन औषध. एकटक बघत राहणं किंवा झटके आल्यासारखं वाटत असेल तर वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्टकडे जा. त्यानंतर घर बघा, शाळा बदलली का, मावशी सोडून गेल्या का. आणि मग हे बघा की त्याचं मागणं मध्ये कधी वाया जायला लागलं का, तो तीनदा म्हणाला आणि कुणी ऐकलंच नाही असं. बऱ्याचदा हेच असतं. पुन्हा प्रश्न ६ पासून, सोप्या दोन शब्दांनी सुरू करा, लवकर परत येतं.

'दुखतंय' वेगळं शिकवावं लागतं कारण आतलं दुखणं आपल्याला दिसत नाही, मग शब्द कुठल्या क्षणी द्यायचा? जेव्हा बाहेर दिसतं तेव्हा द्या, गुडघा खरचटला की तिथे हात ठेवून 'दुखतंय' म्हणा आणि लगेच फुंकर, मलम, जे त्याला बरं वाटतं ते.

१६. खाणं-खेळणी झाली. पुढे काय?

पुढे खरी मजा आहे. मदत मागणं: चिकटलेलं झाकण, उलटा टी-शर्ट. हरवलेलं मागणं: श्रीखंडाची वाटी द्या आणि चमचा देऊ नका, चित्रकलेची वही द्या आणि खडूचा डबा रिकामा ठेवा. ओळखीच्या कामात मध्येच एक वस्तू गायब करणं ही जुनी, चांगली युक्ती आहे, फक्त दिवसातून दोनदा पुरे, सारखं केलं की त्याला छळ वाटतो. मग माहिती मागणं, 'कुठंय?', आवडती गाडी नेहमीच्या जागेवर नसली की. आणि लक्ष मागणं, 'आई बघ'. हे शेवटचं आमच्याकडे नवव्या वर्षी आलं, गॅलरीतून पाऊस बघताना, आणि त्या दिवशी त्याला काहीच नको होतं, मी तिथे यायला हवी होती एवढंच.

१७. अपंगत्वाचं कार्ड, इन्शुरन्स यांचा थेरपीला उपयोग होतो का?

होतो. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. या कार्डाला यूडीआयडी म्हणतात, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना घ्या, १ लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. बिलं आणि प्रिस्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून फाइलला लावा.

१८. मुलगा १५ वर्षांचा आहे. आता उशीर झाला ना?

नाही. पद्धत तीच, वस्तू त्याच्या वयाच्या. १५ वर्षांच्या मुलाला बोबडे शब्द आणि कार्टूनची चित्रं देऊ नका, त्याला हेडफोन, मिसळ, बाईकवर चक्कर, 'दार बंद कर', 'मला एकटं राहू दे' हे पाहिजे असतं. फोन या वयात सगळेच वापरतात म्हणून ॲप शोभतं पण. एक वेगळी काळजी अशी की त्याचं ढकलणं किंवा ओढणं आता ताकदीचं झालेलं असतं, त्यामुळे 'नको' आणि 'ब्रेक' आधी घ्या, प्रश्न १३ प्रमाणे, खाऊ नंतर. आणि शरीराचं, खासगी जागेचं मागणं, आंघोळीला दार लावून घेणं, मदतीला कोण चालेल आणि कोण नाही, हे त्याला सांगता येईल अशी चार कार्डं या आठवड्यातच करा.